सनद पाहून वकीलपत्र द्यावे



स्मरणिकेसाठी काही लिहावे असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा बाजारभाव आणि करपद्धती यांविषयी अधिकारी मंडळी लिहितीलच, असा विचार करून आम्ही निराळा विषय हाती घेतला आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कायद्याचा अभ्यास आम्ही केलेला नाही. परंतु बेळगावच्या रविवार पेठेत चाळीस वर्षे धान्याचा घाऊक व्यापार करताना कोर्टाची पायरी आम्हांस अनेकदा चढावी लागली, आणि एकदा तर ती पायरी चढण्यापूर्वीच आमचा पाय घसरला. तो अनुभव, आणि त्यानंतर जाणत्या वकिलांना विचारून जमविलेली माहिती, येथे देत आहोत.

धान्याची गाडी दारात आली म्हणजे आपण काय करतो? पोत्यात सळई खुपसून आतला दाणा बाहेर काढतो, तळहातावर घेऊन फुंकर मारतो, दाताखाली धरून ओल पाहतो आणि मगच भाव बोलतो. माल आणणारा कितीही ओळखीचा असला तरी या परीक्षेचा त्यास राग येत नाही. ती व्यापाराची रीतच आहे. परंतु लाखो रुपयांचे येणे ज्याच्या हाती सोपवावयाचे, त्याचा मात्र काळा कोट पाहूनच आपण समाधान मानतो. ‘आपली सनद दाखवावी’ एवढे तीन शब्द उच्चारण्याची आपणांस लाज वाटते. या लाजेवरच बनावट वकिलाचे पोट चालते, हेच आमच्या सांगण्याचे सार आहे.

आमचा अनुभव

काही वर्षांपूर्वी परगावच्या एका व्यापाऱ्यास आम्ही तूरडाळ उधारीवर दिली. त्याने दिलेला तीन लाख साठ हजारांचा धनादेश न वटता परत आला. आमचे नेहमीचे वकील त्या सुमारास आजारी होते. बाजारातील एका परिचिताने एका गृहस्थाचे नाव सुचविले. कोर्टापासून जवळच त्याची खोली होती, दारावर चार वकिलांच्या नावांचा ठसठशीत फलक होता, कपाटात लाल पुठ्ठ्यांची जाडजूड पुस्तके होती. ‘तीन महिन्यांत व्याजासह वसूल करून देतो’ असे त्याने छातीवर हात ठेवून सांगितले. नोटीस आणि कोर्ट फी यांसाठी अठरा हजार रुपये रोख मागितले. आम्ही दिले. पावती मागितली नाही. त्याने पुढे केलेल्या कागदांवर सह्या केल्या. त्यांतील काही इंग्रजीत होते, काही कन्नडात, आणि दोन तर कोरेच होते.

पुढे दर महिन्यास ‘तारीख पडली’ असा निरोप येई. आमचे दिवाणजी जुने आणि चिकित्सक. त्यांनी दाव्याचा क्रमांक मागितला, तेव्हा टाळाटाळ करून एक क्रमांक मिळाला. आमच्या पुतण्याने तो मोबाइलवर शोधून पाहिला, तो काय! तो क्रमांक कोणा दोन भावांच्या शेतजमिनीच्या वाटणीचा निघाला. चौकशीअंती कळले की आमच्या नावाची नोटीस कधी पोस्टातच पडली नव्हती. फलकावरील चारांपैकी दोन नावे खऱ्या वकिलांची होती, पण आपले नाव तेथे लावले आहे याचा त्यांना पत्ताही नव्हता. त्या गृहस्थाकडे सनद नव्हती.

अठरा हजार गेल्याचे दुःख आम्हांस फारसे झाले नाही. खरी हानी निराळीच होती. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याच्या कलम १३८ प्रमाणे, धनादेश परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत रक्कम न आल्यास त्यानंतर एक महिन्याच्या आत फिर्याद दाखल करावी लागते. आमचे ३० दिवस त्या गृहस्थाच्या खोलीत बसून गेले. धनादेश पुन्हा बँकेत भरावा, तर त्याची तीन महिन्यांची मुदतही संपली होती. फौजदारीचा मार्ग कायमचा बंद झाला. दिवाणी दाव्यास मालाच्या किमतीबाबत साधारणतः तीन वर्षांची मुदत असते, म्हणून तेवढा मार्ग उरला. अखेर खऱ्या वकिलामार्फत दावा करून लोकअदालतीत निम्म्या रकमेवर तडजोड झाली. तात्पर्य, बनावट वकील आपला पैसा नेतोच, परंतु त्याहून मोलाची अशी मुदत नेतो. आणि गेलेली मुदत कोणतेही न्यायालय सहसा परत देत नाही.

वकील कोणास म्हणावे

ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ या कायद्याप्रमाणे, ज्याचे नाव एखाद्या राज्याच्या बार कौन्सिलच्या पटावर आहे तोच वकिली करू शकतो. केवळ कायद्याची पदवी म्हणजे सनद नव्हे. शैक्षणिक वर्ष २००९-१० पासून पदवी घेतलेल्यांना अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. अधिकार नसता न्यायालयात वकिली करणारास कलम ४५ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात धरावी. सनद व्यक्तीस मिळते, फलकास मिळत नाही. पेढीचे नाव कितीही भारदस्त असो, आपले वकीलपत्र ज्याच्या नावे होणार आणि न्यायालयात आपल्यातर्फे जो उभा राहणार, त्या व्यक्तीचीच सनद पाहावयास हवी.

सनदेच्या क्रमांकात राज्याची अक्षरे, अनुक्रमांक आणि नोंदणीचे वर्ष असते. आपल्या जिल्ह्यातील वकिलांची नोंद बहुधा बंगळूरच्या कर्नाटक राज्य बार कौन्सिलकडे असते. महाराष्ट्र आणि गोवा यांची कौन्सिल एकच असून ती मुंबईस आहे. मध्य प्रदेशाची जबलपुरास, गुजरातची अहमदाबादेस, तर तेलंगणाची हैदराबादेस आहे. एका राज्याच्या पटावरील वकील भारतात अन्यत्रही काम चालवू शकतो. म्हणून मुंबईची सनद बेळगावात दिसली तर ती खोटी समजू नये. क्रमांक टिपून घ्यावा, संबंधित कौन्सिलकडे विचारणा करावी, आणि स्थानिक वकील संघाच्या कार्यालयात जाऊन ‘हे गृहस्थ येथे काम करतात काय’ असे विचारावे. दोन्ही चौकशा आवश्यक आहेत. कारण आमच्या अनुभवाप्रमाणे नाव खरे आणि माणूस खोटा असेही घडते.

असे विचारणे हा वकिलाचा अपमान नव्हे काय, अशी शंका कोणी घेईल. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच देशभरातील वकिलांच्या पदव्यांची पडताळणी करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जी तपासणी सर्वोच्च न्यायालयास आवश्यक वाटली, ती करण्याचा संकोच आपण का बाळगावा? आम्ही पुढे ज्या ज्या वकीलसाहेबांना सनद विचारली, त्यांपैकी एकानेही भुवई उंचावली नाही. उलट एक म्हणाले, “शेठजी, सगळे पक्षकार असे विचारतील तर आमच्याच धंद्यातली घाण निघून जाईल.”

संशयाची लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे यशाची हमी. निकाल न्यायाधीश देतो, वकील नव्हे. ‘साहेब आपल्या ओळखीचे आहेत, वर थोडे द्यावे लागेल’ असे जो म्हणेल, त्याची पायरी त्याच क्षणी उतरावी. तो आपणांस लुबाडत आहे किंवा गुन्ह्यात ओढत आहे. तिसरी शक्यता नाही.

दुसरे लक्षण म्हणजे वसुलीत वाटा मागणे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरविणे किंवा मिळणाऱ्या रकमेत हिस्सा घेणे वकिलास मना आहे. ‘आता काही देऊ नका, जिंकल्यावर चार आणे भाग द्या’ हे बोलणे कानास गोड लागते, पण नियमाबाहेरचे आहे.

तिसरे लक्षण म्हणजे गाजावाजा. जाहिरात करून, दलाल ठेवून अथवा घरोघर हिंडून काम मिळविण्यास त्याच नियमांची बंदी आहे. संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण, कामाचे क्षेत्र एवढी माहिती देता येते. कोर्टाच्या आवारात जो आपणहून आपल्या खांद्यावर हात ठेवतो, तो बहुधा वकील नसून दलाल असतो.

चौथे लक्षण म्हणजे कागदाची टाळाटाळ. वकीलपत्रावर वकिलाचे नाव व सनद क्रमांक भरलेला पाहूनच सही करावी. कोऱ्या कागदावर सही कदापि करू नये. कोर्ट फीची पावती आणि नोटिशीची टपाल पावती त्याच आठवड्यात मागून घ्यावी. फी शक्यतो धनादेशाने वा बँकेमार्फत द्यावी. दावा नोंदला गेला की त्यास १६ अक्षर-अंकांचा एक सी.एन.आर. क्रमांक मिळतो. तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर घातला असता पक्षकारांची नावे, पुढील तारीख आणि झालेले हुकूम कोणासही विनामूल्य पाहता येतात. हा क्रमांक म्हणजे आपल्या मालाची वजनपावती समजावी. ती हाती आल्यावाचून माल तोलला गेला असे धरू नये.

आम्हां सीमाभागातील मंडळींची आणखी एक अडचण आहे. आमच्या पिढीचे शिक्षण मराठीत झाले, तर येथील न्यायालयांचे कागद कन्नडात वा इंग्रजीत असतात. ‘कशाला वाचता शेठ, मी आहे ना’ या वाक्यास आपण त्यामुळेच भुलतो. जो कागद आपणांस वाचता येत नाही, तो सहीपूर्वी घरी आणावा आणि त्या वकिलाशी संबंध नसलेल्या जाणत्या माणसाकडून अर्थ समजून घ्यावा. एक दिवस उशीर झाला तरी चालेल.

नोटिशीचे आणि दूरध्वनीचे भय

आजकाल फसवणूक उलट्या दिशेनेही होते. एखाद्या विधी पेढीच्या नावाने नोटीस येते, ‘आठ दिवसांत अमुक रक्कम भरा, नाहीतर अटक होईल.’ वकिलाची नोटीस हा न्यायालयाचा हुकूम नव्हे, आणि वकिलास कोणास अटक करविण्याचा अधिकार नाही. नोटीस फाडूही नये आणि घाबरून पैसेही भरू नयेत. त्यावरील नाव व सनद पडताळून आपल्या वकिलामार्फत उत्तर द्यावे.

याहून भयंकर प्रकार दृक्‌श्राव्य दूरध्वनीचा. २०२४ मध्ये लुधियानातील एका वयोवृद्ध वस्त्रोद्योगपतीस भामट्यांनी सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी पडद्यावर दाखविली आणि सात कोटी रुपये उकळले. त्याच वर्षी ऑक्टोबरात गुजरातेत, स्वतःस लवाद म्हणवून खोटे न्यायालय मांडल्याच्या आणि जमिनींचे निवाडे दिल्याच्या आरोपाखाली एका इसमास अटक झाली. ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. असा दूरध्वनी आल्यास तो बंद करावा. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

फसल्यावर काय करावे

प्रथम मुदत वाचवावी. रडत वा भांडत न बसता त्याच दिवशी दुसऱ्या, पडताळलेल्या वकिलाकडे जावे. फी बाकी आहे म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलास नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केले आहे.

तक्रार कोठे करावी, हे फसविणारा कोण यावर अवलंबून आहे. सनद नसलेला तोतया असेल तर पोलिसांत जावे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीस आणि कलम ३१९ तोतयेगिरीस लागू पडते. सनदधारक वकिलाने गैरवर्तन केले असेल, तर राज्य बार कौन्सिलकडे कलम ३५ खाली तक्रार करावी. समज देणे, काही काळ सनद स्थगित करणे किंवा पटावरून नाव काढून टाकणे, असे अधिकार तिच्या शिस्तपालन समितीस आहेत. ग्राहक न्यायालयाचा मार्ग मात्र आता नाही. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. म्हणूनच आधीची सावधगिरी पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची झाली आहे.

ज्यांना वकील कोठे शोधावा हे कळत नाही, त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करावी. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा मदत क्रमांक आहे. स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, तेथे विनामूल्य वकील मिळू शकतो. आपल्या समाजातील विधवा भगिनींना हे अवश्य सांगावे.

शेवटी एक मनातले बोलतो. आम्ही त्या गृहस्थाविरुद्ध वर्षभर तक्रार केली नाही. ‘क्षमा करावी, कोण झंझट करील’ असे आम्ही लोकांना सांगत होतो. खरे पाहता ती क्षमा नव्हती. एवढा जुना व्यापारी फसला, हे पेठेत कळेल याची ती शरम होती. त्या वर्षभरात त्याच खोलीत आणखी दोन छोटे दुकानदार फसले. त्यांपैकी एक आमच्याच ओळीतला होता, आणि आम्ही वेळीच बोललो असतो तर तो वाचला असता. त्याच्या दुकानावरून जाताना आजही आमची मान खाली जाते. क्षमा मनात खुशाल असावी, पण खोट्या मापाची वार्ता बाजारास सांगणे हे व्यापाऱ्याचे कर्तव्यच आहे. ते त्या वेळी चुकले, म्हणून आज या पानांवर पार पाडीत आहोत.