डब्यातल्या पावडरींचा हिशेब

तालमीतल्या पैलवानाचा खुराक ठरलेला असतो: दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी, मटण. खर्च दांडगा, पण पोटात काय जातंय ते डोळ्यांसमोर असतं. आता तालुक्याच्या गावातल्या जिममध्येही काउंटरमागे मोठाले काळे डबे ओळीने लागलेले दिसतात, आणि पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा महिन्याच्या मेसपेक्षा जास्त पैसे त्यांतल्या एकावर घालतो. त्या ओळीतलं कामाचं किती? 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञगटाने उपलब्ध संशोधन तपासलं. मैदानावरची कामगिरी थेट सुधारते असं ज्यांच्याबद्दल बऱ्यापैकी ठामपणे म्हणता येईल, अशी पाचच नावं त्यात निघाली: कॅफिन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अ‍ॅलानिन आणि खाण्याचा सोडा. तीही सगळ्या खेळांना सरसकट लागू नाहीत.

आधी जेवणाचं गणित

प्रोटीन पावडर या पाचांत नाही, कारण ते अन्नच आहे. साध्या माणसाला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं प्रमाण सांगतं. नियमित जोरदार व्यायाम करणाऱ्याला ती 1.4 ते 2 ग्रॅम लागतात. साठ किलोच्या कबड्डीपटूने 1.6 ग्रॅम धरले तर दिवसाचे 96 ग्रॅम झाले.

आकडा ऐकून पोरं घाबरतात आणि थेट दुकान गाठतात. पण जरा मांडून बघा. अर्धा लिटर दूध: 16 ग्रॅम. शंभर ग्रॅम पनीर: 18. तीस ग्रॅम कोरडे सोयाचंक्स: 15. दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ: 14. तीन भाकऱ्या: 15. मूठभर शेंगदाणे: 7. दोन अंडी: 12. बेरीज 97. मांसाहार करणाऱ्याला हे आणखी सोपं, कारण शंभर ग्रॅम शिजवलेल्या चिकनमध्येच तीसेक ग्रॅम मिळतात. फक्त हे सगळं रात्रीच्या एका जेवणात कोंबून चालत नाही. तीन-चार वेळांत विभागून, दर वेळी वीस-पंचवीस ग्रॅम, असं घेतलं तर स्नायूंना त्याचा चांगला उपयोग होतो.

मग पावडर कोणासाठी? सकाळी सहाला सराव, आठला बस, दुपारी डबा, अशी ज्याची धावपळ आहे त्याच्यासाठी. ती सोय आहे, आणि सोयीचे पैसे मोजावे लागतात.

व्हे म्हणजे काय

चीज तयार करताना दूध फाटलं की जे हिरवट पाणी उरतं, ते गाळून, वाळवून केलेली भुकटी म्हणजे व्हे. घरी पनीर केल्यावर आपण जे पाणी ओतून देतो किंवा कणकेत घालतो, त्याचंच हे भावंड. कॉन्सन्ट्रेटमध्ये साधारण ऐंशी टक्क्यांपर्यंत प्रथिनं असतात, आयसोलेटमध्ये नव्वदच्या आसपास. दूध पचत नसेल तर आयसोलेट बरं, कारण त्यात लॅक्टोज फार कमी असतं. बाकीच्यांनी जास्त पैसे टाकायचं कारण नाही.

लबाडी कशी होते तेही समजून घ्यायला हवं. प्रयोगशाळेत प्रथिनं सहसा थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ठराविक आकड्याने गुणतात. त्यामुळे ग्लायसिन किंवा टॉरिनसारखं स्वस्त अमिनो आम्ल मिसळलं की कागदावर प्रथिनं वाढतात, अंगाला लागत नाहीत. 2024 मध्ये केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात खपणारी 36 प्रोटीन उत्पादनं तपासली गेली, तेव्हा जवळपास सत्तर टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. काहींत बुरशीपासून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन हे विषही होतं.

आणि बीसीएए या अमिनो आम्लांची पावडर? पुरेशी प्रथिनं खाणाऱ्याला ती वेगळी घेण्याची गरज नाही. ग्लुटामिनचंही तेच. दुकानदाराला नमस्कार करून पुढे जावं.

क्रिएटिन: दिलेले पैसे वसूल

एकाच डब्याचे पैसे असतील तर मी क्रिएटिन मोनोहायड्रेट घेईन. मिशेल शेव्ह्रुल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1832 मध्ये ते मांसातून वेगळं केलं. तोंडाने घेतल्यावर स्नायूंतला त्याचा साठा वाढतो हे दिसून यायला मात्र 1992 साल उजाडलं.

त्याचं काम पहिल्या दहाएक सेकंदांचं. चढाईत झेप घेताना, गोळा फेकताना, शंभर मीटर पळताना स्नायू एटीपी नावाचं इंधन जाळतात. ते लगेच संपतं, आणि स्नायूंतलं फॉस्फोक्रिएटिन ते चटकन भरून देतं. साठा मोठा असेल तर सहावी-सातवी झेपही पहिल्यासारखी जमते, जिममध्ये एखादं रेपिटेशन जास्त निघतं, आणि महिनोन्‌महिने तसं निघालं की ताकद वाढते. शाकाहारी माणसात मुळात साठा कमी असल्यामुळे त्याला फरक जास्त जाणवतो.

दिवसाला 3 ते 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, रोज. वेळेचं बंधन नाही. पहिले पाच-सात दिवस वीस ग्रॅम घेतल्याने साठा लवकर भरतो एवढंच. रोजच्या मात्रेने तो तीन-चार आठवड्यांत भरतोच. सुरुवातीला स्नायूंत पाणी धरून वजन किलो-दोन किलोने वाढतं. वजनगटात खेळणाऱ्या पैलवानाने हे स्पर्धेच्या तोंडावर विसरू नये, आणि मॅरेथॉन पळणाऱ्याने हे ओझं कशाला घ्यावं?

किडनी जाते ही भीती घरोघरी आहे. निरोगी माणसात या मात्रेने किडनीला इजा होते असं अभ्यासांत आढळलेलं नाही. गोंधळ होतो तो रक्ततपासणीत. क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनिन बनतं, त्यामुळे रिपोर्टमध्ये तो आकडा थोडा वर दिसू शकतो. तपासणी करताना डॉक्टरांना आधीच सांगावं. किडनीचा विकार असेल तर या डब्याला हात लावू नये.

कॅफिन: किती आणि कधी

2004 पर्यंत ठरावीक मर्यादेपलीकडचं कॅफिन उत्तेजकांच्या बंदी यादीत होतं. आता ते फक्त निरीक्षणाखाली आहे. किलोमागे 3 ते 6 मिलिग्रॅम, शर्यतीआधी तासभर. साठ किलोच्या माणसाला 180 मिलिग्रॅमपासून फरक पडतो. चमचाभर इन्स्टंट कॉफीत साधारण साठ मिलिग्रॅम असतं, चिकोरी मिसळलेल्या कॉफीत आणखी कमी. व्यायामाआधी घ्यायच्या बऱ्याच ‘प्री-वर्कआउट’ पावडरींच्या एका स्कूपमध्ये दोनशे-तीनशे असतं. त्या डब्याचा चमत्कार बहुतेक एवढाच.

शरीरातलं कॅफिन निम्म्यावर यायला पाचेक तास लागतात. संध्याकाळी सातला स्कूप घेतला तर मध्यरात्री निम्मं अंगात असतं. झोप उडाली की सकाळचा सराव गेला, आणि तो भरून काढायला पुन्हा स्कूप.

बीट, सोडा आणि मुंग्या

बिटाच्या रसातलं नायट्रेट शर्यतीआधी दोन-तीन तास घेतलं तर स्नायूंना तेच काम कमी ऑक्सिजनमध्ये जमतं. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाने 2009 मध्ये हे दाखवल्यावर बिटाला एकदम भाव आला. गंमत अशी, की नायट्रेटचं पुढचं रूप तोंडातले जिवाणू तयार करतात. जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरली तर रस वाया. हौशी धावपटूला फायदा दिसतो, मुरलेल्याला कमी. लघवी लाल झाली तर घाबरू नका.

खाण्याचा सोडा एक ते सात मिनिटांच्या जीवतोड शर्यतीत स्नायूंतली आम्लता रोखायला मदत करतो. पण मात्रा किलोमागे 0.3 ग्रॅम, म्हणजे साठ किलोला चार चमचे! अनेकांची शर्यत मैदानाऐवजी संडासाच्या दिशेने होते. बीटा-अ‍ॅलानिनचंही काम साधारण याच शर्यतींत. ते निदान चार आठवडे रोज घ्यावं लागतं, आणि त्याने चेहऱ्याला, हातांना मुंग्या येतात. त्या मुंग्या आल्या की ‘पावडर चढली’ असं समजतात. ती निव्वळ त्वचेच्या नसांची चाळवाचाळव असते.

थकवा भरून काढताना

एकाच दिवशी दोन-तीन कुस्त्या किंवा सामने असतील तर घाई करावी. पहिल्या चार तासांत ताशी किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं: केळी, खजूर, पोहे, गुळाचं सरबत. पुढचा सराव दुसऱ्या दिवशी असेल तर नेहमीचं जेवण पुरतं. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात शेक घेतलाच पाहिजे हा आग्रह विक्रेत्यांचा आहे; ती मुदत काही तासांची असते.

पाण्यासाठी वजनकाटा वापरा. पळण्याआधी आणि नंतर वजन करा, जितके किलो कमी झाले त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी हळूहळू, मीठ असलेल्या खाण्यासोबत घ्या. नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, आणि लांब शर्यतीत ते जिवावर बेतू शकतं.

क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या थकवा घालवायला म्हणून रोज घेऊ नयेत. व्यायामाने शरीर स्वतःला जे बदलवतं, त्यातच त्या आडव्या येतात असं काही अभ्यासांत दिसलंय. ताकदीच्या व्यायामानंतर रोज बर्फाच्या पाण्यात बसण्याबद्दलही हेच. लोह आणि ड जीवनसत्त्व मात्र तपासून, कमतरता निघाली तर जरूर घ्यावं.

डब्यावर न लिहिलेलं

खरा धोका इथे आहे. जर्मनीतल्या कोलोनच्या उत्तेजक-चाचणी प्रयोगशाळेने 13 देशांतली 634 पूरकं तपासली होती. त्यांतल्या 94 मध्ये, म्हणजे जवळपास पंधरा टक्क्यांत, स्टेरॉइडशी संबंधित असे घटक निघाले ज्यांचा लेबलवर पत्ता नव्हता. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत महिलांच्या शंभर मीटरचं सुवर्ण नायजेरियाच्या धावपटूला परत द्यावं लागलं ते मिथाइलहेक्सेनामाइनमुळे, जे तेव्हा प्री-वर्कआउट पावडरींत सर्रास सापडत होतं. त्याच स्पर्धेत 4 बाय 400 रिलेचं सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय चौघींपैकी तिघी 2011 मध्ये स्टेरॉइडच्या चाचणीत अडकल्या. परदेशी प्रशिक्षकाने आणून दिलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांतून ते आलं, असं त्यांचं म्हणणं होतं. बंदी टळली नाही. पुढे क्रीडा लवादाने ती दोन वर्षांवर नेली. मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याला 2019 मध्ये आठ महिने बाहेर बसवलं ते खोकल्याच्या औषधात असणाऱ्या टर्ब्युटालिनमुळे, आणि त्याने ते अजाणतेपणी घेतलं हे क्रिकेट मंडळानेही मान्य केलं होतं. नियम असाच आहे: अंगात सापडलं की जबाबदारी खेळाडूची.

भरतीच्या पोरांत फिरणारी मेफेन्टरमाइनची सुई हा तर पूरकांचा विषयच नव्हे. शस्त्रक्रियेत घसरलेला रक्तदाब वर आणायचं ते औषध आहे. ते टोचून सोळाशे मीटर पळणं म्हणजे हृदयाशी जुगार.

घ्यायचंच असेल तर

एका वेळी एकच गोष्ट सुरू करा, आणि तीही सरावात. स्पर्धेच्या दिवशी नवं काही नको. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ लिहून घटकांची वेगवेगळी मात्रा लपवलेला डबा परत ठेवा. ‘फॅट बर्नर’ आणि ‘टेस्टो बूस्टर’ दुकानातच राहू द्या. भेसळीची भीती तिथे सर्वांत जास्त. चाचणीच्या कक्षेत येणाऱ्या खेळाडूने इन्फॉर्म्ड स्पोर्ट किंवा एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्टसारखी, बॅचवार तपासणी झाल्याची खूण शोधावी आणि तो बॅच नंबर त्या संस्थेच्या यादीत पडताळावा. बिल जपून ठेवा, डब्याचा फोटो काढा, आणि डबा संपत आला की त्याच बॅचची थोडी पावडर तळाशी राखून झाकण घट्ट लावून ठेवा. उद्या चाचणीत काही निघालं तर प्रयोगशाळेत पाठवायला हातात तेवढंच असतं.