सुपातली धूळ

रात्रभर भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं सकाळपर्यंत मऊ पडतात. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने कडेकडेने कापायचं, मांडीवरच्या सुपातली चिमूटभर तंबाखू भरायची, पान वळायचं, तोंड नखाने दुमडायचं, दोरा बांधायचा. अहिल्यानगरच्या तोफखान्यात, श्रमिकनगरात आणि संगमनेरातही पद्मशाली बायकांनी या कामावर संसार उभे केले. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे गप्पा रंगल्या तरी हात थांबत नाहीत.

धूळ सगळ्यात जास्त उडते ती तंबाखू सुपात ओतताना. जाड चुरा खाली बसतो, बारीक कण हवेत तरंगत राहतात. शिंका येतात, डोळे चुरचुरतात, पदर नाकावर जातो. थोड्या वेळाने त्याच पदराने पोराचं तोंड पुसलं जातं.

विडी ओढल्याने कॅन्सर होतो, यात आता वाद नाही. पण न ओढता नुसती वळणारीचं काय? मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी 1990 च्या दशकात हा प्रश्न हाती घेतला. विडी वळणाऱ्यांच्या लघवीत त्यांना कोटिनीन वाढलेलं दिसलं. शरीरात शिरलेल्या निकोटिनचं रूपांतर याच द्रव्यात होतं. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या कामगारांच्या रक्तपेशींत गुणसूत्रांची मोडतोड इतरांपेक्षा जास्त आढळली.

गुणसूत्र मोडलं म्हणजे कॅन्सर झाला, असं नाही. पण धोका वाढल्याची ती खूण असू शकते. त्यात बाई मिश्री लावत असेल तर मिश्रीने किती बिघडवलं आणि धुळीने किती, हे वेगळं काढणं डॉक्टरांनाही अवघड जातं.

विडी कामगारांसाठी 1966 साली स्वतंत्र कायदा झाला. कामाच्या जागेची स्वच्छता आणि खेळती हवा यांची कलमं त्यात होती. मात्र ‘औद्योगिक जागे’च्या व्याख्येतून राहतं घर वगळलेलं होतं. वळण्याचं बहुतेक काम तर घरातच चालतं! कारखान्याच्या गोदामात धूळ उडाली तर मालकाला जाब विचारता येई. स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी उडालेल्या धुळीचा जाब विचारायला जागाच नव्हती.

तेव्हा उपाय बायकांनी स्वतःच शोधले. तंबाखू ओतायची ती उंबऱ्याबाहेर, बसायचं दाराशी, आणि जेवणाआधी हात साबणाने धुवायचे. तोंडावर मास्क बांधला तर धूळ अडते, पण उन्हाळ्यात जीव गुदमरतो, वेग मंदावतो आणि दिवसाचा हजाराचा आकडा गाठता येत नाही.