हार्ट्स टंग नेचे: सावलीतल्या शैलोद्यानातील लागवड

नेचे म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर पिसासारखे, बारीक पर्णिकांत विभागलेले पान येते. टेरिडोफायटा शिकताना प्रयोगवहीत आपण तेच चित्र काढतो. ॲस्प्लेनियम स्कोलोपेंड्रियम या नेच्याचे पान मात्र अखंड असते. पट्ट्यासारखे लांब, चकचकीत, कडेला किंचित लहरदार आणि देठाजवळ हृदयाकृती. साधारण 20 ते 60 सेंमी लांबीच्या या पानावरूनच त्याला इंग्रजीत हार्ट्स टंग, म्हणजे हरिणाची जीभ, असे नाव पडले. हे नेचे सदाहरित आहे. युरोपातल्या हिवाळ्यात भोवतालची झाडे उघडीबोडकी होतात, तेव्हाही याची पाने हिरवी राहतात.

पान अखंड असेल तर हे नेचेच, असे ओळखायचे कसे? पान उलटून पाहा. मागच्या बाजूला मध्यशिरेच्या दोन्हीकडे तिरप्या तपकिरी रेघा दिसतात. यातली प्रत्येक रेघ एक दिसली तरी ते शेजारच्या दोन शिरांवरचे, एकमेकांकडे तोंड केलेले दोन बीजाणुधानीपुंज असतात. त्यांची पातळ आवरणेही एकमेकांच्या दिशेने उघडतात. या रेघांची रांग गोमेच्या पायांसारखी दिसते, आणि स्कोलोपेंड्रियम हे नाव गोमेच्या ग्रीक नावावरूनच आले आहे. लिनियसने 1753 मध्ये ही जाती ॲस्प्लेनियम प्रजातीत घातली. पुढे बराच काळ ती फायलायटिस या वेगळ्या प्रजातीत होती; आता पुन्हा ॲस्प्लेनियममध्ये मानतात. जुन्या पुस्तकात दुसरे नाव दिसले तर गोंधळू नका.

आता लागवडीकडे वळू. शैलोद्यान म्हणजे दगडांची रचना करून त्यांच्या फटींत रोपे लावलेली बाग. अशा बागेत लावतात त्या बहुतेक पर्वतीय वनस्पतींना भरपूर ऊन लागते. त्यामुळे दगडांची उत्तरेकडची, ऊन न लागणारी बाजू बहुधा रिकामी राहते किंवा तिथे शेवाळ माजते. हार्ट्स टंगची जागा नेमकी तिथे आहे. पण नुसती सावली देऊन भागत नाही. हे नेचे निसर्गात कुठे उगवते ते आधी पाहायला हवे.

ब्रिटनमध्ये ते चुनखडीच्या कपारींत, दमट ओढ्यांच्या काठी, जुन्या भिंतींवर आणि विहिरींच्या आतल्या बाजूला वाढते. नेदरलँड्समध्ये कालव्यांच्या जुन्या धक्क्यांच्या भिंतींवरही सापडते. या सगळ्या जागांत समान काय आहे? सावली आहे, हवा दमट आहे, दगडातून किंवा दर्जांतून चुना मिळतो, आणि मुळांशी पाणी साचून राहत नाही. यातला शेवटचा मुद्दा विद्यार्थी हमखास विसरतात. नेच्याला ओल लागते हे खरे, पण ओल म्हणजे चिखल नव्हे. चुन्याच्या मऊ दर्जांत ओल धरून राहते आणि हवाही खेळते. अशा भिंतीच्या दर्जा कोणी पुन्हा कठीण सिमेंटने भरल्या की तिथली नेची जातात, याचे कारण यातच आहे. आपल्याकडच्या जुन्या दगडी विहिरीच्या कडेला हंसराज उगवलेला तुम्ही पाहिला असेल. जाती वेगळी असली तरी जागेचे गणित बरेचसे तेच आहे.

म्हणून दोन दगडांमधली खोल फट निवडा. तिच्यात पानांचे कुजलेले खत, बागेची माती आणि चुनखडीची खडी किंवा जुन्या चुन्याच्या गिलाव्याचा चुरा यांचे भुसभुशीत मिश्रण भरा. मातीचा सामू उदासीन ते अल्कधर्मी असावा. अगदी आम्ल मातीत हे नेचे खुरटते. रोप लावताना मूलक्षोडाचा शेंडा, जिथून नवी पाने फुटतात तो भाग, मातीच्या वर राहू द्या. उभ्या फटीत रोप थोडे तिरपे बसवले तर आणखी चांगले, कारण मग पावसाचे पाणी शेंड्यात साठत नाही. शेंडा मातीत पुरला किंवा त्यात पाणी साचले की तो कुजतो, आणि कितीही खत घातले तरी रोप सावरत नाही. पहिले वर्षभर माती कोरडी पडू देऊ नका. गोगलगायींवर लक्ष ठेवा, त्यांना कोवळी पाने फार आवडतात. गेल्या वर्षीची फाटकी पाने वसंताच्या सुरुवातीला, नव्या पानांच्या गुंडाळ्या उलगडण्याआधी, कापा. उशीर केलात तर जुन्या पानाबरोबर नवे पानही हमखास तुटते.

रोपे वाढवायचा नेहमीचा मार्ग बीजाणूंचा. पिकलेले पान कागदाच्या पुडीत ठेवले की एकदोन दिवसांत तपकिरी भुकटी खाली पडते. उकळते पाणी ओतून निर्जंतुक केलेल्या आणि मग गार झालेल्या मातीवर ती अगदी विरळ भुरभुरा, वर काच ठेवा आणि भांडे थेट उन्हापासून दूर ठेवा. काही आठवड्यांनी माती हिरवी दिसू लागते. पुढे काही मिलिमीटरचे हृदयाकृती चपटे तुकडे दिसतात. हा युग्मकोद्भिद, म्हणजेच गॅमिटोफाइट. त्याच्या खालच्या बाजूला नर आणि मादी जननांगे असतात, आणि नरयुग्मकांना अंड्यापर्यंत पोहत जावे लागते. उकळून गार केलेल्या पाण्याचा हलका फवारा द्यायचा तो यासाठी. पाण्याचा पातळ थर नसेल तर फलन होत नाही, आणि तुमच्या भांड्यात महिनोन्महिने फक्त हिरवे तुकडेच राहतात. परीक्षेत तुम्ही पिढ्यांचे एकांतरण लिहिता, ते इथे काचेखाली दिसते.

दुसरा मार्ग कमी माहीत असलेला आहे, आणि मला तो अधिक मजेदार वाटतो. जुन्या पानाचा देठ मूलक्षोडापासून अलगद खाली ओढून काढला तर त्याचा तळ मांसल आणि जिवंत असतो. असे तळ ओल्या वाळूवर बंद डब्यात ठेवले की काही आठवड्यांत त्यांवर बारीक कळ्या फुटतात आणि प्रत्येकीपासून नवे रोप होते. याचा उपयोग कुठे? क्रिस्पम नावाच्या प्रकारात पानाची कड झालरीसारखी चुणीदार असते आणि त्याला बहुधा बीजाणू धरत नाहीत. अशा वंध्य प्रकारांसाठी मूलक्षोडाचे विभाजन किंवा हे देठाचे तळ, एवढेच मार्ग उरतात.

असे विचित्र प्रकार जमवण्याचे वेडच एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये पसरले होते. चार्ल्स किंग्सलीने 1855 मध्ये त्याला टेरिडोमॅनिया असे नाव दिले. नॅथॅनियल वॉर्ड यांच्या काचेच्या बंद पेटीमुळे लंडनच्या धुरकट हवेतही नेची जगू लागली. पुढे त्याच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्युनने चीनमधून चहाची रोपे भारतात आणली. पण या हौसेपायी लोकांनी कपारींतली नेची मुळासकट उपटून नेली. आता 1981 च्या कायद्यानुसार तिथे जमीनमालकाच्या परवानगीशिवाय रानातली वनस्पती उपटता येत नाही.

उत्तर अमेरिकेतली गोष्ट अधिक नाजूक आहे. तिथला अमेरिकानम हा उपप्रकार दिसायला जवळजवळ तसाच असला तरी चतुर्गुणित आहे: त्याची गुणसूत्रे 144, तर युरोपीय नेच्याची 72. तो न्यूयॉर्क, मिशिगन, ऑन्टॅरिओ अशा मोजक्या ठिकाणी चुनखडीवर उरला आहे. दगडखाणी आणि झाडांची तोड यांमुळे तो धोक्यात आला, आणि अमेरिकेने 1989 मध्ये त्याला संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत घातले. रोपवाटिकेत मिळते ते सहसा युरोपीय असते, आणि बागेत तेच लावावे.

तुम्ही उष्ण मैदानी भागात राहत असाल तर या थंड हवेच्या नेच्याचा अट्टहास करू नका, उन्हाळ्यात ते टिकणे अवघड आहे. कॉलेजच्या आवारातल्या सावलीच्या दगडांत हंसराजासारखे स्थानिक नेचे लावा. पण तेही विहिरीच्या भिंतीवरून खरवडून आणू नका. एक पिकलेले पान पुडीत घालून आणा, बीजाणू पेरा, आणि लावण्याजोगे रोप हाती यायला दोनेक वर्षे लागतील हे धरून चला.