कॅमेरा नवा, फोटो तेच! फोटोग्राफर मंडळींना होणारा ‘गॅस’ म्हणजे नेमकं काय?

२०२० साली फुजीफिल्मने ‘एक्स १०० व्ही’ नावाचा एक छोटा कॅमेरा बाजारात आणला. दिसायला जुन्या फिल्म कॅमेऱ्यासारखा आणि लेन्स एकच, तीही न बदलता येणारी. अमेरिकेत त्याची किंमत १,३९९ डॉलर होती. दोनेक वर्षांनी तो टिकटॉकवर व्हायरल झाला आणि दुकानांतून गायबच झाला. वापरलेला कॅमेरा नव्या कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा महाग विकला जाऊ लागला! फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची पुढची आवृत्ती जाहीर झाली, तेव्हा पुन्हा प्रतीक्षायादी लागली.

गंमत म्हणजे ‘कमी सामान, साधी फोटोग्राफी’ हीच या कॅमेऱ्याची खासियत. तरीही त्याच्यासाठी झुंबड उडाली, कारण फोटोग्राफीच्या जगात एक जुना ‘आजार’ आहे. त्याचं नाव ‘गॅस’!

हा ‘गॅस’ आला कुठून?

‘गॅस’ म्हणजे ‘गिअर अ‍ॅक्विझिशन सिंड्रोम’, अर्थात गरज नसताना नवनवी साधनं घेत सुटण्याची ओढ. हा काही वैद्यकीय आजार नाही. ‘स्टीली डॅन’ या अमेरिकन बँडचा गिटारवादक वॉल्टर बेकर याने १९९० च्या दशकात गिटारवेड्यांची थट्टा करताना हा शब्द वापरला. तेव्हा त्यातला ‘जी’ गिटारचा होता. पुढे फोटोग्राफर मंडळींनी तो आपलासा केला.

एक वस्तू दुसरीला बोलावते

१७६९ मध्ये फ्रेंच विचारवंत देनी दिदरो याने एक मजेशीर निबंध लिहिला. त्याच्याकडे एक नवाकोरा, झोकदार झगा आला. त्या झग्यापुढे घरातली जुनी खुर्ची, जुनं टेबल, भिंतीवरची चित्रं सगळंच कळकट दिसू लागलं आणि एकेक वस्तू बदलत गेली. १९८८ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ ग्रँट मॅक्रॅकन यांनी या साखळीला ‘दिदरो इफेक्ट’ असं नाव दिलं.

कॅमेऱ्याचंही असंच होतं. फुल फ्रेम बॉडी घेतली की जुनी लेन्स कमी दर्जाची वाटू लागते. नवी लेन्स आली की जुनी बॅग पुरत नाही. फाइल मोठ्या झाल्या की कार्ड, हार्ड डिस्क आणि शेवटी लॅपटॉपही बदलावा लागतो. खरेदी एकाच वस्तूची ठरलेली असते, हप्ते मात्र पाच वस्तूंचे सुरू होतात.

कंपन्यांचं गणित

जपानी कॅमेरा उद्योगाच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे पाठवले गेले. २०२० मध्ये हा आकडा ९० लाखांच्याही खाली आला. साध्या कॅमेऱ्याची जागा स्मार्टफोनने घेतली होती. गिऱ्हाईक कमी झालं, तेव्हा उरलेल्या गिऱ्हाइकाला महागडा माल विकणं हाच कंपन्यांपुढचा सोपा मार्ग होता.

त्याला साथ मिळाली यूट्यूबची. नवा कॅमेरा आला की त्याच दिवशी डझनभर रिव्ह्यू येतात. व्हिडिओखाली लिंक असते आणि त्या लिंकवरून कुणी खरेदी केली, तर व्हिडिओ करणाऱ्याला बहुतेक वेळा कमिशन मिळतं. यात बेकायदा काहीच नाही. पण ‘आहे तोच कॅमेरा वापरा’ या सल्ल्यावर कुणालाच कमिशन मिळत नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं.

मेगापिक्सेल जातात कुठे?

इन्स्टाग्रामवरचा उभा फोटो साधारण १०८० बाय १३५० पिक्सेलचा असतो, म्हणजे जेमतेम दीड मेगापिक्सेल. फोरके टीव्हीचा अख्खा पडदा सव्वाआठ मेगापिक्सेलच्या आसपास भरतो. ए-फोर आकाराच्या उत्तम प्रिंटला सुमारे नऊ मेगापिक्सेल पुरतात. ६० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो फक्त इन्स्टावरच जाणार असेल, तर पैसे मोजलेले बहुतेक पिक्सेल कुणाला दिसतच नाहीत.

भारताच्या पहिल्या महिला छायाचित्रकार पत्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. त्या रोलायफ्लेक्स आणि स्पीड ग्राफिकसारख्या कॅमेऱ्यांवर काम करत. रोलायफ्लेक्सच्या एका रोलमध्ये जेमतेम १२ फोटो निघायचे. बटण कधी दाबायचं, याचा विचार आधीच करावा लागे. गांधीजींची अंत्ययात्रा आणि कबूतर सोडणारे नेहरू त्यांनी अशाच साधनांनी टिपले.

मग महागडा कॅमेरा घ्यायचाच नाही का?

तसंही नाही. ताडोब्यात संधिप्रकाशात दूरवरचा वाघ टिपायचा, तर टेलिफोटो लेन्सला पर्याय नाही. लग्नाचं काम करणाऱ्याला अंधाऱ्या हॉलमध्ये चालणारा आणि एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवणारा कॅमेरा लागतो, कारण सप्तपदी पुन्हा होत नसते. इथे साधन ही धंद्याची गरज आहे.

खरी पंचाईत होते ती नवशिक्याची. ‘फुल फ्रेम नसेल तर क्लायंट येणार नाही’ असं ऐकून तो दीड लाखाचा कॅमेरा हप्त्यावर उचलतो. बिनव्याजी १२ हप्ते धरले तरी महिन्याला १२,५०० रुपये होतात. काम मिळो न मिळो, हप्ता चुकत नाही. वर दोन वर्षांत नवं मॉडेल आलं की हातातल्या कॅमेऱ्याचा भाव पडतो.

म्हणून खरेदीआधी दोन गोष्टी करून बघाव्यात. पहिली म्हणजे गेल्या वर्षभरातले स्वतःचे फोटो चाळणं. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेन्थ, शटर स्पीड आणि आयएसओची नोंद असते. आपण खरंच काय काढतो आणि कुठे अडतो, ते तिथे लख्ख दिसतं. दुसरी म्हणजे हवी ती लेन्स दोन दिवस भाड्याने घेणं. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ही सोय सहज मिळते.

‘सध्याच्या कॅमेऱ्याने माझा अमुक फोटो निघत नाही, कारण अमुक’ हे वाक्य पूर्ण करता आलं, तर खुशाल खरेदी करावी. ते अर्ध्यावरच अडकलं, तर तेच पैसे एखाद्या प्रवासावर किंवा चांगल्या कार्यशाळेवर खर्च करावेत. त्याचा फरक फोटोत लवकर दिसतो!