गिरणीचे घर भाड्याने देताना

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि परळ-लालबागच्या चाळींतली कितीतरी कुटुंबे सातारा, कोल्हापूर, कोकणातल्या आपल्या गावी परतली. त्यांतल्या काहींच्या दारी पुढे म्हाडाचे पत्र आले. २८ जून २०१२ च्या सोडतीत गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरे निघाली. एकेक घर २२५ चौरस फुटांचे, किंमत साडेसात लाख. १ मार्च २०२० ला बॉम्बे डाईंग व श्रीनिवास गिरण्यांच्या जागेवरील ३,८९४ घरांची सोडत झाली, तेव्हा किंमत साडेनऊ लाखांवर गेली होती. एवढी रोकड शेतकऱ्याच्या घरात कुठली? बँकेचे कर्ज काढले, घर तारण पडले. आता माणसे गावी आणि घर मुंबईत कुलपात. ते भाड्याने देऊन हप्ता फेडावा, असे कुणालाही वाटेल.

बंधूंनो, तसे करता येते. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असला तरी जमीन तुम्हीच कसता ना? तारण घराचेही तसेच. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ६५-अ तारण देणाऱ्याला भाडेपट्ट्याचा अधिकार देते. मात्र भाडे रास्त हवे, पगडी किंवा आगाऊ भाडे घेता येत नाही आणि मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त नसावी. शिवाय कर्जाच्या करारात वेगळी अट असेल तर तीच चालते. बँका बहुधा पूर्वपरवानगीची अट घालतातच. म्हणून अर्ज करा, लेखी परवानगी घ्या. म्हाडाच्या वाटपपत्रातल्या अटीही वाचा. डोळ्यांना दिसत नसेल तर शिकलेल्या लेकीसुनेकडून वाचून घ्या.

खरा घात होतो तो ‘हेवी डिपॉझिट’मध्ये. मुंबईचा दलाल सांगतो, महिन्याचे भाडे कशाला, एकदम पाच लाख घ्या, माणूस फुकट राहील, जाताना पैसे परत करा. गावी लेकीचे लग्न ठरलेले असते किंवा विहिरीत पाणी लागलेले नसते. पैसे चार दिवसांत जातात. हप्ता मात्र दर महिन्याला उभाच. हिशेबापुरते धरा, सात लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज, १५ वर्षे मुदत, तर हप्ता ७,१०० रुपयांच्या आसपास बसतो. तो शेतीतून भरायचा, आणि सोयाबीन पडत्या भावात गेले की थकायचा. तीन महिने थकला की खाते बुडीत धरले जाते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याने ६० दिवसांची नोटीस येते आणि त्यानंतर बँकेला घराचा ताबा घेता येतो. तेव्हा भाडेकरू पाच लाख मागायला थेट गावी येतो. असा व्यवहार करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

कूळ लागेल म्हणून तुम्ही जमीन तोंडी बोलीवर कोणाला देत नाही. घराला तीच सावधगिरी हवी. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, ही जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई मागता येते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी, इमारतीच्या सोसायटीलाही कळवावे.

भाडे ज्या खात्यातून हप्ता कापला जातो त्याच खात्यात जमा होऊ द्या. त्यातून देखभाल आणि घरपट्टी जाईल. दोन भाडेकरूंमध्ये घर महिनाभर रिकामेही राहील, तेवढ्या हप्त्याची शिल्लक ठेवा. प्राप्तिकरात भाड्यातून, घरपट्टी वजा जाता, ३० टक्के व कर्जाचे व्याज वजा मिळते, म्हणून बँकेचा व्याजाचा दाखला दरवर्षी मागून घ्या. आणि सोडतीतला कामगार हयात नसेल तर घर आधी वारसाच्या नावे करून घ्या. भाड्याचा करार त्यानंतर.