खेळण्यातल्या पियानोची मींड

मढीची कानिफनाथांची यात्रा असो की गावची जत्रा, नगर जिल्ह्यात खेळण्यांच्या पालावर सेलवर चालणारा प्लॅस्टिकचा पियानो हमखास दिसतो. आवाज किरटा, पोर खूश, घरातले दोन दिवसांत बेजार. त्याच्या पाठीचे स्क्रू काढले की मात्र खरी गंमत सुरू होते.

आत असतं तरी काय? एक स्पीकर, दोन-चार रेझिस्टर आणि डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा. त्या गोळ्याखाली चिप. तिच्यातलं घड्याळ सेकंदाला हजारो ठोके देतं. पट्टी दाबली की चिप त्या ठोक्यांना ठरलेल्या आकड्याने भागते आणि सूर निघतो. षड्जाचा भाजक जेवढा, पंचमाचा त्याच्या सुमारे दोन तृतीयांश. सगळे सूर एकाच घड्याळातून येतात! आणि बऱ्याच स्वस्त खेळण्यांत त्याचा वेग एका साध्या रेझिस्टरवर ठरतो.

त्या रेझिस्टरच्या दोन टोकांवर ओलसर बोट टेकवा. बोटातून किंचित वीज वाहते, एकूण रोध कमी होतो, घड्याळ पळू लागतं आणि सूर चढतो. रोध निम्मा झाला, तर सूर जवळपास एक सप्तक वर. भाजक तेच राहिल्यामुळे सुरांमधली अंतरं बिघडत नाहीत, फक्त पट्टी बदलते: काळी एकची पांढरी पाच. आतलं गाणंही तितकंच धावतं.

बोटाचा दाब हळूहळू वाढवला तर? सूर घसरत, सलग वर जातो. मींड! जी पेटीला जमत नाही ती. याच उणिवेवर बोट ठेवून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीस वर्षं टिकली. जत्रेतलं हे खेळणं मात्र ओल्या बोटावर मींड घेतं. बेसूर घेतं, हे खरं, पण घेतं.

अमेरिकेतल्या रीड गझाला यांना खेळण्यांच्या सर्किटशी असं खेळण्याचा नाद १९६६-६७च्या सुमारास लागला, तोही अपघाताने. टेबलाच्या खणात उघडा पडलेला खेळण्यातला ॲम्प्लिफायर धातूला टेकला आणि आपणहून चित्रविचित्र ओरडू लागला. पुढे १९९२मध्ये त्यांनी या उद्योगाला ‘सर्किट बेंडिंग’ असं नाव दिलं.

बोटाऐवजी रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तसला पॉट, म्हणजे फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर, सोल्डर करता येतो. मूळ रेझिस्टर काढून मोठ्या रोधाचा पॉट बसवला, तर सूर खर्जातही उतरतो. फार खाली नेला की त्याची नुसती टकटक उरते. प्रकाशाने रोध बदलणारा एलडीआर लावला, तर हाताच्या सावलीवर सूर हलतो. काही चिपांचं घड्याळ पूर्ण आतच असतं. त्या दाद देत नाहीत. हा खेळ फक्त सेलवरच्या खेळण्यांशी करायचा; भिंतीतल्या २३० व्होल्टांच्या जवळपासही फिरकायचं नाही.