वॅटचा आकडा आणि घरातला आवाज

(बार्शीटाकळी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



निवडणुकीच्या दिवसांत गावातून ऑटो फिरतो, त्याच्या टपावर भोंगा बांधलेला असतो. त्या भोंग्याच्या युनिटवर काय लिहिलेलं असतं, कोणी पाहिलंय? बहुधा ३० वॅट, फार तर ५०. आणि आवाज? पार वावरात निंदणाऱ्या बायांपर्यंत जातो. आता घरी या. टीव्हीखाली होम थिएटरचा सेट आहे, त्याच्या खोक्यावर ५००० वॅट छापलंय. तो पूर्ण सोडला तरी मागच्या गल्लीत शब्द कळत नाही. मग हे ५००० वॅट गेले कुठे?

याची उत्तरं दोन आहेत, आणि दोन्ही वेगळी आहेत. एक म्हणजे तो आकडाच खोटा आहे. दुसरं म्हणजे आकडा खरा असला तरी वॅट म्हणजे आवाज नव्हे. कापसाचे, सोयाबीनचे पैसे हातात आले की अकोल्याला जाऊन सेट घेणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती वॅटचा हाय?" त्या एका प्रश्नावर ३०-४० हजारांचा व्यवहार होतो. म्हणून आज तो प्रश्नच जरा बदलू.

खोट्या आकड्याचं आधी उरकून टाकू. खोक्यावर वॅटच्या पुढे बारीक अक्षरात 'पीएमपीओ' असतं. हा आकडा कसा मोजायचा याचं कुठलंही सर्वमान्य माप नाही. उत्पादकाच्या मनात येईल तो छापायचा. खरा आकडा पाहायचा असेल तर सेट उलटा करा. मागच्या पट्टीवर, २३० व्होल्टच्या शेजारी, तो विजेचे किती वॅट ओढतो ते लिहिलेलं असतं. तिथे ६० वॅट असेल तर ६० वॅट खाऊन ५००० वॅट देणारं यंत्र अजून जन्माला आलेलं नाही. आलं तर महावितरण बंद पडेल. (हशा)

पाहायचा तो 'आरएमएस' आकडा, म्हणजे सलग देता येणारी ताकद. पण तिथेही शब्दांचा खेळ आहे. रिसीव्हर म्हणजे ॲम्प्लिफायर, डॉल्बी वगैरे उलगडणारा भाग आणि एचडीएमआयच्या जोडण्या, हे सगळं एका डब्यात. त्याच्या जाहिरातीत '७ चॅनेल, प्रत्येकी १५० वॅट' असं असतं. खालची ओळ वाचा: ६ ओम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती, एकच चॅनेल चालू. म्हणजे एकच स्पीकर लावून, एकच सूर वाजवून, आवाज फाटेपर्यंत ताणून मोजलेला आकडा. त्याच रिसीव्हरच्या माहितीपत्रकात दुसरी ओळ सापडते: ८ ओम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू, विकृती ०.०८ टक्के किंवा त्याच्या आसपास. तिथे १५० चे ८० होतात. ते ८० खरे धरा. अमेरिकेत या घोळावर १९७४ मध्ये सरकारी नियमच करावा लागला, इतका हा रोग जुना आहे.

आता मुद्द्याचं. समजा आकडा खरा आहे, तर वॅटचा आवाज किती होतो?

प्रत्येक चांगल्या स्पीकरच्या कागदावर एक आकडा असतो, त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. १ वॅट दिला आणि १ मीटरवर उभं राहून मोजलं तर किती डेसिबल, एवढाच त्याचा अर्थ. घरातल्या स्पीकरचा हा आकडा साधारण ८४ ते ९० असतो. आपल्या त्या भोंग्याचा १०५ च्या वर जातो. घरच्या ८६ डेसिबलच्या स्पीकरपुढे १०६ चा भोंगा ठेवला तर फरक २० डेसिबलचा. डेसिबलचा हिशेब असा: ३ वाढवायचे तर ताकद दुप्पट, १० वाढवायचे तर दहापट, २० साठी शंभरपट. म्हणजे ३० वॅटच्या भोंग्याची बरोबरी करायला घरच्या स्पीकरला ३००० वॅट लागतील, आणि त्याच्या फार आधी तो जळून जाईल. भोंग्याला खर्ज नाही, गाणं त्यात पत्र्यासारखं वाजतं, ते वेगळं. पण माणसाचा आवाज लांब फेकायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

हे एकदा कळलं की दुकानातलं एक कोडं सुटतं. ५० वॅटचा रिसीव्हर आणि १०० वॅटचा रिसीव्हर यांत किमतीचा फरक मोठा, पण आवाजाचा फक्त ३ डेसिबलचा. कानाला तो 'थोडा वाढला' एवढाच कळतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे ५० वॅटच्या जागी ५००. उलट ८६ च्या जागी ८९ सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घेतला तर तेवढंच काम होतं, आणि रिसीव्हर बदलावाच लागत नाही. मला विचाराल तर बजेटमधला मोठा वाटा स्पीकरवर घाला.

आता आपल्या घरचा हिशेब करू. १० बाय १२ फुटांची खोली, बसायची जागा स्पीकरपासून ३ मीटरवर. उघड्या मैदानात १ मीटरवरून ३ मीटरवर गेलं की साडेनऊ डेसिबल गळतात. खोलीत भिंती थोडं परत देतात, म्हणून ६ गळले असं धरू. ८६ वजा ६, म्हणजे १ वॅटला आपल्या कानाशी ८०. आपलं साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. म्हणजे सिनेमातले संवाद ७० डेसिबलवर ऐकायचे तर स्पीकर किती वॅट खातो? वॅटचा दहावा हिस्सा. शून्य पूर्णांक एक!

मग ८० वॅट कशाला? तर सिनेमात संवाद चालू असतानाच मध्येच दार आपटतं, स्फोट होतो, ढोल वाजतो. ते धक्के सरासरीच्या २० डेसिबल वर जातात. ७० चे ९० झाले, म्हणजे १० वॅट. जोरात पाहणाऱ्याचे ७५ चे ९५, म्हणजे ३२ वॅट. थिएटरच्या मापाने प्रत्येक मुख्य चॅनेलचे धक्के १०५ पर्यंत धरतात. आपल्या खोलीत त्यासाठी ३०० वॅटच्या वर लागतील. एवढ्या खोलीत त्याची गरज नाही, शेजाऱ्याला तर नाहीच. तेव्हा खरे ५० ते ८० वॅट पुरतात. ही ताकद रोज वापरायची नसते, क्षणभराच्या धक्क्यासाठी हाताशी ठेवायची असते.

एवढं सोपं असताना वऱ्हाडात स्पीकर जळतात का? मला वाटतं, यात आपल्या कूलरचा मोठा हात आहे. पुण्या-मुंबईचे लोक हे लिहीत नाहीत, कारण त्यांच्याकडे मे महिन्यात आपला मे महिना नसतो. इकडे पारा ४५ च्या पुढे, खिडकीत कूलर, वर पंखा पाचवर. कूलरचा आवाज जवळजवळ माणसाच्या बोलण्याइतकाच. संवाद कळायचे तर ते त्याच्या १० डेसिबल तरी वर हवेत. म्हणून रिमोटचं बटण दाबलं जातं. १० डेसिबल म्हणजे दहापट ताकद, हे आता तुम्हाला माहीत आहे. हिवाळ्यात ३ वॅटच्या धक्क्यांवर चालणारा सेट उन्हाळ्यात ३० वॅट मागतो, आणि ज्याची खरी ताकद १५ वॅटच आहे तो तिथे अडकतो.

अडकतो म्हणजे काय होतं, हे नीट ऐका. आवाजाची लाट डोंगरासारखी गोल असते. ॲम्प्लिफायरची ताकद संपली की लाटेचा माथा विळ्याने छाटल्यासारखा सपाट होतो. याला क्लिपिंग म्हणतात. पूर्ण सपाट झालेल्या लाटेत, तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेपेक्षा दुप्पट ताकद असते. शिवाय खर्जाचे माथे छाटले जातात, पण बारीक सूर मात्र बटणासोबत वाढत राहतात. ते जातात ट्विटरकडे. ट्विटरची तार केसासारखी. स्पीकरवर १०० वॅट लिहिलं असलं तरी त्यातला ट्विटर सलग जेमतेम ५-१० वॅट सोसतो, कारण गाण्यात त्याच्या वाट्याला एरवी थोडंच येतं. छाटलेली लाट तासभर चालली की ती तार जाते.

म्हणून लोक नेमकं उलटं समजतात. 'माझा स्पीकर १०० वॅटचा, रिसीव्हर १५ चा, म्हणजे धोका नाही.' धोका तिथेच आहे. १०० वॅटच्या स्पीकरला १२० चा रिसीव्हर लावून बटण जपून फिरवणारा सुखात असतो. १५ वॅटचा पूर्ण पिळणारा जाळून बसतो. आवाज चिरका, खरखरीत झाला की ती सूचना समजा आणि कमी करा.

यावर उपाय वॅट वाढवणं हाच नाही. संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. रिसीव्हरच्या मेनूत जाऊन फक्त सेंटर ३-४ डेसिबलने वाढवा, बाकीचे राहू द्या. 'नाइट मोड' नावाची सोय असते, ती धक्के दाबते आणि संवाद वर आणते. स्पीकर जवळ ओढा. सबवूफरला स्वतःचा ॲम्प्लिफायर असेल तर मेनूत स्पीकर 'स्मॉल' करा आणि ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे ढकला. खर्जच सर्वांत जास्त ताकद खातो, तो गेला की रिसीव्हर मोकळा होतो. आणि रिसीव्हरच्या डोक्यावर सेट टॉप बॉक्स किंवा क्रोशाचा रुमाल ठेवू नका. बऱ्याच रिसीव्हरांच्या पुस्तिकेत ३५ अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं. आपली खोलीच ४० ला असते.

तारेचं थोडक्यात. १० मीटर लांब स्पीकरसाठी जाऊन-येऊन २० मीटर तांबं लागतं. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तारेत त्याचा अडथळा अर्धा ओम होतो, दीडच्या तारेत पाव ओम. घरच्या वायरिंगची दीडची तार घ्या, महागड्या 'ऑडिओ केबल'च्या नादी लागू नका.

श्रोत्यांमधून प्रश्न : सर, माह्या भावानं दोन जास्तीचे स्पीकर आणले, ८ ओमचे. समोरच्या स्पीकरलेच जोडून ओट्यावर लावले तर चालन का?

चालेल की नाही ते ओमवर आहे, भाऊ. ८ आणि ८ शेजारी-शेजारी जोडले की रिसीव्हरला ४ ओम दिसतात. ओम निम्मे म्हणजे करंट दुप्पट, आणि उष्णताही त्याच वाटेने. मागे 'किमान ६ ओम' लिहिलं असेल तर जोडू नका. एकापाठोपाठ एक, सिरीजमध्ये जोडले तर १६ ओम होतात, रिसीव्हर वाचतो, आवाज थोडा कमी मिळतो. त्यापेक्षा रिसीव्हरला 'झोन २' किंवा 'स्पीकर बी' असेल तर ते वापरा, पण त्यासाठी किती ओम चालतात ते पुस्तिकेत पाहूनच.

प्रश्न : आन् मंडपवाल्याचा ॲम्प्लिफायर घरच्या स्पीकरले?

त्याच्या मागे ४, ८, १६ ओमचे स्क्रू असतात आणि शेजारी ७० किंवा १०० व्होल्टचा. ८ ओमच्या स्क्रूवर, आवाज हळू ठेवून, चालेल. १०० व्होल्टच्या स्क्रूवर घरचा स्पीकर लावला तर धूर निघेल. तो स्क्रू लांब तारेवरच्या, ट्रान्सफॉर्मर लावलेल्या भोंग्यांसाठी असतो.